पैनगंगेच्या दोन तीरांवर

मागच्या महिन्यात एका विवाहाच्या निमित्ताने उमरखेडला जाण्याचा योग आला. दिवस मावळण्यापूर्वीच भोजने आटोपली होती आणि मांडवात थोडी निवांत मंडळी बसली होती. त्यांत दिग्रसचे एक आडतदार होते, वणीकडचे एक जिनिंगवाले होते आणि नागपूरला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. बोलणे साहजिकच रुईच्या भावावरून निघाले, भावावरून डॉलरवर गेले आणि डॉलरवरून परदेशांत चाललेल्या युद्धांवर येऊन थांबले. आडतदार म्हणाले, "युद्ध वाईटच. पण एक गोष्ट खरी. बाहेरचा शत्रू उभा राहिला म्हणजे घरातली भांडणे आपोआप मिटतात. बासष्टला, पासष्टला, एकाहत्तरला आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे." त्यावर तो तरुण नम्रपणे म्हणाला, "काकाजी, मग रशियात १९१७ साली काय झाले? बाहेर जर्मनीशी युद्ध चालू असतानाच घर पेटले ना?" काकाजी हसले. "रशियाचे रशियात, बेटा. आपल्याकडे तसे होत नाही."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कारण ज्या गावच्या मांडवात बसून ते उच्चारले गेले, त्याच गावाच्या शिवारात दोनशे वर्षांपूर्वी नेमके तसेच घडले होते. मी त्या वेळी काही बोललो नाही. लग्नघरी इतिहास काढू नये, एवढे वयाने शिकवले आहे. या सदराचे वाचक मात्र गेली अनेक वर्षे माझे असले विषयांतर सहन करीत आले आहेत, म्हणून ते इथे मांडतो.

उमरखेडच्या दक्षिणेला काही कोसांवर पैनगंगा वाहते. नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका लागतो. आज पुलावरून गाडी जाते तेव्हा जिल्हा कुठे बदलला हे कळतही नाही. पण या नदीने आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाने वाहणाऱ्या वर्धेने राज्यांच्या सीमा म्हणून फार काळ काम केले आहे. आणि ज्या मुलखाच्या दोन्ही अंगांना सीमा असते, त्या मुलखाला दुसऱ्यांच्या युद्धांची झळ लागल्यावाचून राहत नाही.

१८०३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे इंग्रजांशी युद्ध झाले. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड, असे तीन मोठे घाव तीन महिन्यांत बसले. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड रघुजी भोसल्यांच्या हातून निघून निजामाच्या पदरात पडले. तोवर या मुलखात दुहेरी अंमल होता. भोसल्यांचा कमाविसदार आणि निजामाचा आमील असे दोघे एकाच गावाकडून आपापला हिस्सा वसूल करीत. तहाने एक धनी कमी झाला, तेव्हा रयतेला सुख लागायला हवे होते. कागदावर तसेच दिसते. प्रत्यक्षात युद्ध संपले त्याच सुमारास वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला होता, फौजा ज्या वाटांनी गेल्या त्या वाटांवरचा चारा आणि धान्य संपले होते, आणि युद्धासाठी गोळा केलेली माणसे आता कुणालाच नको होती.

या नको असलेल्या माणसांचा थोडा विचार करू. त्या काळी घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. म्हणजे त्याचे सारे भांडवल त्या घोड्यात गुंतलेले. आपल्या वाचकांना हे चटकन समजेल. चाकरी सुटली, मागचा पगार थकलेला, नवा धनी ठेवून घेत नाही, आणि घोड्याला तर रोज दाणावैरण लागतेच. घोडा विकावा तर अशा वेळी विकणारेच सगळे, घेणारा कुणी नाही. मग त्याने काय करावे? शेती करावी तर जमीन नाही, आणि जी आहे ती दुष्काळाने ओस पडलेली. अशी सहस्रावधी माणसे पुढील बारा-पंधरा वर्षे या प्रदेशात फिरत राहिली. कुणी पेंढाऱ्यांत सामील झाले, कुणी एखाद्या देशमुखाच्या गढीवर शिबंदी म्हणून राहिले. पेंढारी तर मुळातच मराठी फौजांच्या मागे लुटीच्या हिश्शावर चालणारे. फौजा विसर्जित झाल्यावर ते कुणाचेच उरले नाहीत. वऱ्हाडातील गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आज पडक्या दिसतात. त्यांच्या भिंतींची जाडी पाहिली म्हणजे त्या काळचे भय किती होते याची कल्पना येते.

निजामाचे राज्य नव्याने आले होते, पण पुसद-उमरखेडच्या डोंगराळ भागापर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता. या डोंगरांतील घाट राखण्याचे काम परंपरेने हटकर समाजाच्या नाईकांकडे असे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने ठरलेला हक्क द्यावा आणि नाईकाने त्याच्या मालाची हमी घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. राज्य बळकट असते तोवर नाईक हा राज्याचा पहारेकरी असतो. राज्य दुबळे झाले, त्याचे हक्क कुणी मान्य करीना, म्हणजे तोच नाईक स्वतंत्र सत्ताधारी होऊ पाहतो. त्याच्या हाती माणसे असतात, डोंगर ओळखीचे असतात, आणि आता तर चाकरी शोधणारे कसलेले शिपाई दारात उभे असतात.

दुसरा तडाखा १८१७-१८ च्या युद्धाने बसला. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसल्यांचा पक्ष कोसळला. शहरातील अरब शिपायांनी मात्र डिसेंबरअखेरपर्यंत नागपूर सोडले नाही. सुखरूप वाट आणि पैसा यांची बोली झाल्यावरच ते बाहेर पडले. दुसरे बाजीराव पेशवे आप्पासाहेबांशी हात मिळवण्याच्या आशेने चांद्याच्या दिशेने आले. एप्रिल १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या परिसरात कर्नल अॅडम्सच्या फौजेने त्यांना गाठले आणि पेशव्यांच्या सैन्याची दाणादाण उडाली. ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ बाजीरावांनी स्वतःला माल्कमच्या स्वाधीन केले. शाळेतील पुस्तकात मराठेशाहीचा इतिहास येथे संपतो. केळापूर-उमरखेडच्या शेतकऱ्याचा इतिहास येथे संपत नाही. त्याच्या शिवारातून पुन्हा एकदा पराभूत फौज पांगली होती.

नोवसाजी नाईक या हटकर सरदाराचे नाव याच वेळी ठळकपणे पुढे येते. उमरखेडजवळ त्याने निजामाच्या कवायती फौजेशी उघड्या मैदानात लढाई दिली. ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेली होती आणि तिचा प्रमुख मेजर पिटमन हा होता. मैदानात टिकाव लागला नाही, तेव्हा नाईक पैनगंगेपलीकडे नाव्ह्याच्या किल्ल्यात शिरला. इंग्रजी कागदपत्रांत या स्थळाचे नाव 'नोवाह' असे येते. किल्ल्यात सुमारे ५०० अरब शिपायांची शिबंदी होती. जानेवारी १८१९ मध्ये वेढा पडला, खंदक पुढे सरकत आले, सुरुंग लावले गेले, आणि ३१ जानेवारीला किल्ला हल्ला करून घेतला. शिबंदीपैकी बहुतेक जण मारले गेले. निजामाच्या त्या फौजेच्या वारस पलटणी पुढे कित्येक वर्षे आपल्या निशाणावर या लढाईचे नाव मानचिन्ह म्हणून मिरवीत होत्या.

याला बंड म्हणावे की अंतर्गत युद्ध? आजचे अभ्यासक वर्षाला १,००० माणसे लढाईत पडली तर गृहयुद्ध, अशी काही मोजमापे लावतात. मला या हिशेबात फारसे स्वारस्य नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याच्या दृष्टीने ९९९ आणि १,००० यांत अंतर नसते. इंग्रजांच्या लेखी नोवसाजी लुटारू होता. त्याच्या समाजाच्या स्मृतीत तो स्वातंत्र्यासाठी लढलेला वीर आहे. दोन्ही म्हणणी बाजूला ठेवून पाहिले तरी एवढे दिसते की, १८०३ आणि १८१७-१८ ही राज्याराज्यांतली युद्धे झाली नसती, तर उमरखेडच्या मैदानात एवढे सैन्य उभे करणे त्याला साधले नसते.

उलट बाजूचीही उदाहरणे त्याच वेळची आहेत. पेंढाऱ्यांचा बलाढ्य सोबती अमीरखान याच्याशी इंग्रजांनी १८१७ मध्ये तह केला आणि त्याला टोंकचे राज्य दिले. त्याचे वंशज स्वातंत्र्यापर्यंत तेथे नबाब म्हणून नांदले. करीमखान पेंढारी शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो शेतीवाडी करून राहिला. चितू शरण आला नाही. असीरगडाच्या जंगलात तो वाघाच्या तोंडी पडला. म्हणजे हत्यारबंद माणसाला पोट भरण्याची दुसरी वाट दिली, की त्यांतले काही जण ती घेतात, हे इंग्रजांना ठाऊक होते. मात्र ही वाट त्यांनी ज्यांची भीती वाटत होती त्यांनाच दिली.

नाव्हा पडल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. तो फक्त रूप बदलून सावकाराच्या वहीत गेला. बंडे मोडण्यासाठी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीवर पडत राहिला. त्यासाठी हैदराबादच्या पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांकडून कर्जे उचलली गेली. कर्ज फेडण्यासाठी वऱ्हाडचा वसूल इजाऱ्याने दिला गेला. पुरणमल सावकारासारखे इजारदार आले. इजारदाराला मुदतीच्या आत आपला पैसा व्याजासह काढायचा असतो. पुढच्या वर्षी शेत पिकेल की नाही याची चिंता तो करीत नाही. (आपल्या व्यापारी समाजाने हे प्रकरण डोळ्यांआड करू नये. राज्ये बुडतात तेव्हा हिशेब लिहिणारे हातही आपल्यासारख्यांचेच असतात.) शेवटी १८५३ मध्ये त्या फौजेच्या खर्चापोटी निजामाला संपूर्ण वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावे लागले. एका युद्धाने निजामाला जे दिले होते, ते त्या युद्धातून उद्भवलेल्या अशांततेच्या खर्चाने पन्नास वर्षांत काढून घेतले.

आता त्या तरुणाच्या रशियाकडे वळतो. पहिल्या महायुद्धात झारच्या सरकारने सुमारे दीड कोटी माणसे सैन्यात ओढली. त्यांतील बहुसंख्य शेतकरी. १९१६ च्या अखेरीस गावांवर धान्याची सक्तीची वसुली बसवण्यात आली. आघाडीवर पराभव, शहरात पावासाठी रांगा, आणि खेड्यात परतणारा शिपाई बंदुकीसह परतलेला. झारची सत्ता मार्च १९१७ मध्ये गेली आणि त्यानंतरच्या गृहयुद्धात महायुद्धापेक्षाही अधिक रशियन माणसे दगावली, त्यांतील कितीतरी भुकेने आणि साथींनी. पॅरिसमध्ये १८७१ साली हेच छोट्या प्रमाणावर झाले होते. प्रशियाने फ्रान्सला हरवले, वेढ्याच्या काळात शहरवासीयांच्या हाती दिलेल्या बंदुका आणि तोफा सरकार परत मागू लागले, आणि फ्रेंचांनीच फ्रेंचांना रस्त्यारस्त्यांत मारले. आपल्या काळातले उदाहरण इराकचे. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासकाने एका फर्मानाने इराकचे सैन्य बरखास्त केले. लक्षावधी माणसे एका दिवसात बेकार झाली आणि शस्त्रागारे उघडी पडली होती. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा शिलेदाराचा घोडा आठवला होता.

जेम्स फियरन आणि डेव्हिड लैटिन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००३ मध्ये जगभरच्या गृहयुद्धांची छाननी करून एक लेख प्रसिद्ध केला. धर्म आणि जाती अनेक आहेत म्हणून देश आपसांत लढतो, हा सर्वसाधारण समज त्यांना आकड्यांत आढळला नाही. दारिद्र्य, दुबळे आणि अस्थिर सरकार, डोंगराळ मुलूख, या गोष्टींचा संबंध अधिक दिसला. पुसदचे डोंगर आणि १८१९ सालचा निजाम त्यांनी पाहिला नसेल, पण वर्णन जुळते. युद्धाने सरकारचा खजिना रिकामा होतो, हरलेल्या सरकारचा दरारा जातो, आणि माणसांना हत्यारे चालवण्याचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळालेले असते.

जिंकलेल्यालाही ही झळ लागते, याचे उदाहरण थेट आपल्या कापसाशी येऊन भिडते. १८४६ ते १८४८ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध केले आणि फेब्रुवारी १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह अफाट मुलूख मिळवला. विजय संपूर्ण होता. पण मिळालेल्या जमिनीत गुलामगिरी चालू द्यायची की नाही, हा प्रश्न त्या विजयानेच उभा केला. आधीची जुनी तडजोड नव्या मुलखाला पुरेना. उत्तर आणि दक्षिण यांच्यातील वाद तेरा वर्षे चिघळत गेला आणि एप्रिल १८६१ मध्ये तोफा डागल्या गेल्या. मेक्सिकोत खांद्याला खांदा लावून लढलेले अधिकारी आता समोरासमोर उभे राहिले. त्यांपैकीच एक, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला ग्रँट, याने आपल्या आठवणींत दक्षिणेचे बंड हे बव्हंशी मेक्सिकोच्या युद्धाचेच फळ होते, असे मत नोंदवले आहे.

दक्षिणेची बंदरे रोखली गेली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि साऱ्या जगाचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी वणी जिल्हा म्हणून जो भाग वेगळा केला (त्याचेच नाव १९०५ मध्ये यवतमाळ झाले), तेथील काळ्या जमिनीत ज्वारी मागे सरून कापूस पुढे आला. तोवर बंजारा तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाणारा माल आगगाडीच्या वाटेकडे वळू लागला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मुंबईत पैशाचा पूर आला. सुरतेहून आलेले आपले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे कापूसबाजाराचे राजे होते. त्यांच्या शब्दावर बँका कर्ज देत आणि समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे भाग आकाशाला भिडत. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेचा मुख्य सेनापती शरण आला. जुलैमध्ये मुंबईत वायद्यांचा दिवस उगवला आणि पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. प्रेमचंदही बुडाले. ते नंतर सावरले, आणि त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला मातोश्री राजाबाईंच्या नावाचा मनोरा आजही मुंबई विद्यापीठात उभा आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम पाळणाऱ्या मातेला त्याच्या टोल्यांवरून वेळ कळावी हा हेतू होता, अशी आख्यायिका आपल्या घरांत सांगितली जाते.

प्रेमचंदांना सावरता आले. वणीच्या कुळाला काय करता आले? त्याने चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले होते आणि ज्वारीचे शेत कापसाला दिले होते. भाव उतरला तरी कर्ज उतरले नाही. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत त्याच्या कणगीत धान्य नव्हते. दोन परक्या राष्ट्रांचे युद्ध, त्यातून त्यांपैकीच एकात पेटलेले गृहयुद्ध, आणि त्याची किंमत चुकवणारा माणूस मारेगावच्या बांधावर! आज आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव येते तेव्हा बियाणे, पाऊस, हमीभाव यांची चर्चा होते. ती योग्यच आहे. पण कोरडवाहू जमिनीवर एकाच नगदी पिकाचा हा जुगार त्या काळात रुजला, हेही ध्यानात असू द्यावे.

पुन्हा पैनगंगेकडे येतो. १९४७ मध्ये नदीच्या अलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड होता, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. काश्मीरमध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटले होते. हैदराबादने नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी 'जैसे थे' करार केला, आणि त्याच काळात पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून हैदराबादेत शस्त्रे उतरवीत होता. काश्मीरचे युद्ध नसते तर ही शस्त्रे इतक्या सहज मिळाली असती का, याविषयी मला शंका आहे. संस्थानाच्या पूर्वेकडे, नलगोंडा-वरंगळ भागात, शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा १९४६ पासूनच सुरू होता. त्याच्या मुळाशी वेठबिगार होती, आणि दुसऱ्या महायुद्धातील धान्याच्या लेव्हीने त्यात तेल ओतले होते. आपल्या बाजूला रझाकारांच्या अत्याचारांनी त्रासलेली कुटुंबे नदी ओलांडून उमरखेड-पुसदकडे आली. या भागातील वृद्धांकडे या आठवणी अजून आहेत. सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. हा भाग आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. त्यानंतर जे झाले ते मात्र आपण सांगत नाही. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात मारल्या गेलेल्या मुसलमानांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज दिला, आणि सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचे नाव घातले. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या हातून मेलेला शेतकरी आणि सूडात मेलेला विणकर एकाच नदीचे पाणी प्यालेले होते. जुन्या गोष्टी उकरू नयेत असे म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी एवढेच म्हणतो की, नाव्ह्याची लढाई आपण विसरलो म्हणून मांडवात "आपल्याकडे तसे होत नाही" असे म्हणू शकलो.

तरीही काकाजी पूर्णपणे चुकले होते असे मला वाटत नाही. १९६२ चेच पाहा. त्या वर्षी मे महिन्यात अण्णादुराईंनी राज्यसभेत स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी मांडली होती. ऑक्टोबरमध्ये चीनचे आक्रमण झाले आणि त्यांनी ती मागणी थांबवून देशाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला; १९६३ मध्ये पक्षाने ती रीतसर सोडली. १९६७ मध्ये तोच पक्ष निवडणूक जिंकून मद्रासमध्ये सत्तेवर आला. याच्या शेजारी मिझो टेकड्या ठेवून पाहा. तेथे १९५९ मध्ये बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले, दुष्काळ पडला, आणि आपली हाक कुणी ऐकली नाही ही भावना घर करून राहिली. १९६५ च्या पाकिस्तान युद्धाला जेमतेम पाच महिने झाले होते, तोच २८ फेब्रुवारी १९६६ रोजी तेथे सशस्त्र उठाव झाला. सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तान होते. आश्रय आणि शस्त्रे दोन्ही तेथून मिळाली. मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर आपल्याच वायुदलाला बाँब टाकावे लागले. म्हणजे एकाच देशात, तीनचार वर्षांच्या अंतराने झालेल्या युद्धांनी एका टोकाला फुटीरपणा शमवला आणि दुसऱ्या टोकाला पेटवला. मद्रासमध्ये मतपेटी होती आणि ती जिंकता येईल अशी आशा होती. मिझोरमला ती आशा वीस वर्षांनी, जून १९८६ च्या करारानंतर मिळाली, आणि बंडाचे नेते लालडेंगा त्याच वर्षी मुख्यमंत्री झाले.

पुसदच्या डोंगरांनीही एक वेगळा दाखला ठेवला आहे. नोवसाजीनंतर एकशे अकरा वर्षांनी, जुलै १९३० मध्ये, वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे याच परिसरात कायदा मोडायला निघाले. मंदीने कापसाचे भाव कोसळलेले, जंगल राखीव केल्यामुळे गुरांना चारा नाही, लोकांत संताप भरपूर. त्यांनी राखीव जंगलातले गवत विळ्याने कापले आणि अटक करून घेतली. त्या वेळचे सरकार निजामापेक्षा कितीतरी बळकट होते, हे खरे. पण डोंगर तेच होते आणि हाती घ्यायचे साधन निवडणारी माणसे वेगळी होती.

हा मजकूर छपाईला देण्यापूर्वी काकाजींना दूरध्वनीवर वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. रागावतील असे वाटले होते, त्यांनी उलट एक प्रश्न विचारला, "अमीरखानाला टोंक दिले, करीमखानाला जमीन दिली, मग आपल्या नाईकाला का नाही दिली? त्याला तरी घाटाचा जुना हक्क परत करायचा होता." मी म्हणालो, त्याच्यापाशी अमीरखानाएवढ्या तोफा नव्हत्या. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, नाव्हा पाहायला चातुर्मास संपल्यावर जाऊ, त्या वकिलीच्या पोरालाही बोलवा, गाडी माझी.